संत्रं घ्या, कागद राहू द्या

मला लिहायची सवय नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. वडील एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलायचे. मी मॅट्रिकनंतर टायपिंग शिकलो, काही वर्षं कुवेतला टायपिस्ट होतो, आणि परत येऊन आता, वर्गातली नवी मुलं मला चुकून सर म्हणतात अशा वयात, बी.ए.च्या बाकावर बसलो आहे. आजवर मी जे काही कागदावर उतरवलं ते सगळं दुसऱ्यांचं. वाक्य कुठे थांबवायचं तेही दुसरेच सांगायचे. त्यामुळे मराठीच्या बाईंनी वार्षिक अंकासाठी 'तुम्हीही लिहा' म्हटलं तेव्हा मी दोनदा टाळलं.

दुसरी अडचण अशी की ज्यांच्याविषयी लिहायचं ते सबनीस साहेब माझ्या फार जवळचे होते असं मी म्हणू शकत नाही. त्यांना मुलं किती, हेसुद्धा मला ठाऊक नाही. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, एवढाच आमचा संबंध. ज्यांना ते जास्त माहीत होते त्यांनी लिहायला हवं होतं. पण ती माणसं पाइप जोडतात, वेल्डिंग करतात. ती लिहिणार नाहीत. म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

आमची कंपनी दक्षिणेकडच्या तेलाच्या पट्ट्यात कारखान्यांच्या देखभालीची कंत्राटं घ्यायची. इंजिनिअर आणि सुपरवायझर मंगफ नावाच्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये राहायचे. फिटर, वेल्डर, जड सामान चढवणारे रिगर मागच्या बाजूला पत्र्याच्या कॅम्पात. सबनीस साहेब पर्सोनेल ऑफिसर होते. त्याआधी सोलापूरच्या एका गिरणीत लेबर वेल्फेअर ऑफिसर होते असं ते सांगत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, त्यावर कायम टाय. मेसमध्ये जेवताना टायचं टोक शर्टाच्या खिशात खोचायचे. जेवण झाल्यावर ते बाहेर काढायला विसरायचे आणि तसेच मोठ्या साहेबांच्या मीटिंगला जायचे. आमचे मोठे साहेब इंग्रज होते. ते त्या खोचलेल्या टायकडे बघत, पण कधी काही बोलले नाहीत.

सबनीस साहेबांच्या खुर्चीवर ते स्वतः क्वचितच बसत. कोणी काम घेऊन आला की ते उठून त्याच्या बाजूला, भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसत. मग संत्रं काढत. फहाहीलच्या बाजारातून दर शुक्रवारी ते संत्र्यांची एक जाळी आणायचे आणि ती माझ्या कपाटात ठेवायचे, कारण त्यांच्या कपाटात जागा नसे. संत्रं सोलून त्यातली फोड आधी समोरच्याच्या हातावर ठेवायची, मग बोलणं. एकदा मी विचारलं की साहेब, संत्रंच का. ते म्हणाले, "सोलायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाला आपण काय सांगायला आलो होतो ते आठवतं."

'कसं काय, बरं आहे ना?' असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांचे प्रश्न फार लहान असायचे. काल पंखा चालला का? आमटीत मीठ कोणी घातलं? कुठला बूट चावतो, डावा की उजवा? त्यांचं म्हणणं असं की मोठ्या प्रश्नाला खोटं उत्तर येतं, लहान प्रश्नाला खरं. आणि प्रश्न विचारल्यावर ते समोरच्याकडे बघत नसत. चष्मा काढून पुसत बसत. चष्मा स्वच्छ असला तरी पुसत.

एक रिगर होता, आंध्रातल्या ओंगोलकडचा. कधी तक्रार नाही, पण कामावर डुलक्या खायचा. सुपरवायझरनं त्याच्याविरुद्ध रिपोर्ट दिला होता. सबनीस साहेबांनी त्याला बाकावर बसवलं आणि विचारलं, तू कुठल्या कुशीवर झोपतोस? तो गोंधळला. मग हिंदीत म्हणाला, कुशीवर नाही, बसून झोपतो. का? तर त्याच्या पलंगाच्या वर एसीचं पाणी गळत होतं. किती दिवस? आल्यापासून. सांगितलं का नाहीस? तर तो म्हणाला, मला वाटलं इथं असंच असतं. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. स्वतः कॅम्पात जाऊन पलंग सरकवून आले. पलंग सरकवायला फक्त दोन माणसं लागली, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होते.

अशा माणसाकडे ते काम आलं. हेड ऑफिसनं ठरवलं होतं की दर वर्षी सगळ्या कामगारांचं मत घ्यायचं. छापील इंग्रजी कागद आले. पगार, जेवण, राहण्याची जागा, प्रवास, वरिष्ठांची वागणूक, याबद्दल आपण किती समाधानी आहात? पुढे चौकोन: वाईट, बरं, चांगलं, फार चांगलं. नाव लिहायचं नाही. कंपनी हे कशासाठी करते ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण ज्यांची कामं आम्ही करायचो त्यांना असले कागद दाखवावे लागतात असं बोललं जायचं.

पहिल्या वर्षी ते कागद सुपरवायझरांमार्फत वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी भरून परत आले. मी ते मोजायला बसलो. बहुतेकांनी सगळीकडे 'फार चांगलं'वर खूण केली होती. एकेका खोलीचे कागद एकाच पेनानं, एकाच हातानं भरलेले दिसत होते. सबनीस साहेब गठ्ठा चाळत राहिले. मग म्हणाले, "सगळेच्या सगळे सुखी? अरे, स्वर्गातसुद्धा दोन-चार जण कुरकुरत असतील."

ते कॅम्पात चौकशीला गेले तेव्हा मला बरोबर नेलं. तिथं कळलं की निम्म्या लोकांना वाटलं होतं ही त्यांचीच परीक्षा आहे. एक म्हातारासा वेल्डर अभिमानानं म्हणाला, "साहब, मैंने अपने को सब में व्हेरी गुड दिया. कम क्यों दूँ?" आणि उरलेल्या निम्म्यांना कागद नीट समजला होता, म्हणूनच त्यांनी तसं लिहिलं होतं. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, कंपनीच्या सहीवर. वाईट म्हणायला माणसाला पायाखाली जमीन लागते.

हे तसं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण सबनीस साहेबांना ते लागलं. परत येताना वाळूतून चालताना ते एकदाच बोलले. म्हणाले, "विचारण्यात आपली चूक झाली. त्यांना विचारल्यासारखं वाटलंच नाही."

मग पुढच्या वर्षीसाठी ते कामाला लागले. त्या काळात त्यांच्यात जो उत्साह आला तो मी नंतर कोणात पाहिला नाही. आधी त्यांनी कागद बदलला. हेड ऑफिसचे प्रश्न ठेवले, पण प्रत्येकाशेजारी चित्र काढून घेतलं: बस, पलंग, थाळी, नळ. चित्रं एका ड्राफ्ट्समननं काढली. थाळीतली भाकरी त्यानं एवढी मोठी काढली की लोक म्हणाले, असली मिळाली तर फार चांगलं लिहू. मग हिंदी केलं, मल्याळीही केलं. टायपिंगला फक्त इंग्रजीच मशीन होतं, म्हणून बाकीचं हातानं लिहून स्टेन्सिलवर काढलं. कागद सुपरवायझरांच्या हातातून काढून घेतले आणि मेसमध्ये टेबल मांडलं. टेबलावर कागद, पेन्सिली आणि संत्र्यांची टोपली. पेन्सिलीच, कारण पेनाची शाई ओळखू येते असं कोणी तरी म्हणालं होतं.

पण एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. एका सकाळी ते ऑफिसात आले ते हसतच आले. मला म्हणाले, "आपण फिशपॉन्ड करू."

मला ते काय असतं ठाऊक नव्हतं. मी तोवर कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी नेहमीसारखा चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता सगळं समजावलं. गॅदरिंगच्या आधी एक पेटी ठेवतात. त्यात ज्याला त्याला टोमणे लिहून टाकायचे. नाव नाही. प्रिन्सिपॉलपासून शिपायापर्यंत कोणालाही. मग स्टेजवर सगळ्यांसमोर त्या चिठ्ठ्या वाचतात, आणि ज्याच्यावर टोमणा असेल त्यानं हसून घ्यायचं असतं. राग धरायचा नाही, हा नियमच. त्यांच्या कॉलेजात म्हणे कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका प्रोफेसरांना एकदा अशी चिठ्ठी आली आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात हसत आले. "जे वर्षभर तोंडावर बोलता येत नाही ते एका संध्याकाळी बोलून होतं," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत एकाच वर्गात."

मोठ्या साहेबांना कल्पना आवडली. कॅम्पातल्या लोकांना तर फारच. महाराष्ट्राकडच्या मुलांनी बाकीच्यांना समजावलं, आणि आठवड्यात पेटी भरून वाहू लागली.

इथे बबन ठोंबरेची ओळख करून द्यायला हवी. बबन सिन्नरकडचा पाइपफिटर. कॅम्पात त्याच्या बोलण्याची सगळ्यांना चटक होती. मेसमधली खुबूस, म्हणजे तिथली रोटी, कडक निघाली की म्हणायचा, ही दोन बाजूंनी वेल्ड मारली तर गॅसकेट होईल. डोक्यावर केस विरळ होत चालले होते, त्याबद्दल दुसऱ्यानं बोलायच्या आधी तोच बोलायचा. पेटी ठेवली त्या दिवशी सबनीस साहेबांनी मेसमध्ये उभं राहून सांगितलं होतं, "या पेटीतल्या चिठ्ठीमुळे कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. हा माझा शब्द आहे." तर मागून बबन म्हणाला, "साहेब, मग लवकर काय ते करा. आमचे चालले उडून."

सगळे हसले. साहेबही हसले, नेहमीप्रमाणे थोडे उशिरा. पण शब्द दिला गेला होता, आणि तो सगळ्यांनी ऐकला होता.

फिशपॉन्ड गुरुवारी संध्याकाळी झाला. मेसची टेबलं बाजूला केली होती. मोठे साहेब, इंजिनिअर लोक पुढे खुर्च्यांवर, बाकी सगळे मागे चटयांवर. काहींनी आधी सुचवलं होतं की चिठ्ठ्या एकदा नजरेखालून घाला. साहेबांनी ऐकलं नव्हतं. आधी उघडली तर ती पेटी कसली, असं त्यांचं म्हणणं. ते स्टूलवर उभे राहून एकेक चिठ्ठी काढून वाचत होते, हिंदीत करून सांगत होते, आणि मोठ्या साहेबांकडे वळून इंग्रजीत. आमटीवर, नळावर, एका इंजिनिअरच्या घोरण्यावर. स्वतः सबनीस साहेबांच्या टायवरही एक होती. त्यांनी ती वाचून तिथल्या तिथे टाय खिशात खोचला. एवढं हसणं मी त्या जागी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग एक चिठ्ठी त्यांनी उघडली आणि थांबले. त्या थांबण्यावरून मला वाटलं ते ती बाजूला ठेवतील. त्यांनी ठेवली नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मोठ्या साहेबांना. बसचं दार तारेनं बांधलंय. साहेबांचे कान कशानं?'

आमची कामावर नेणारी बस जुनी होती. तिच्या मागच्या दाराची कडी तुटली होती आणि ते दार तारेनं आवळून बांधलेलं होतं. वळणावर ते फाकायचं आणि वाळू आत यायची. वारा सुटला की मागच्या सीटवरचे लोक तोंडाला फडकी बांधून बसत. आणि काही झालंच तर त्या दारानं बाहेर कसं पडायचं, हे कोणी मोठ्यानं बोलत नसे. कागदांवर दोन्ही वर्षी 'प्रवास' हा प्रश्न होता.

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांचे डोळे पुढच्या खुर्च्यांकडे गेले. मोठे साहेब क्षणभर बघत राहिले, मग हसले आणि त्यांनी टाळी वाजवली. बरोबर हशा फुटला, इतका की पत्रा वाजल्यासारखा वाटला. आणि त्या हशात बबनला राहवलं नाही. फिशपॉन्ड टाकणाऱ्यानं शेवटपर्यंत तोंड मिटून बसायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही उपयोग झाला नसता. तो उठून उभा राहिला आणि त्यानं चारी बाजूंना वाकून मुजरा केला.

तो काही आठवडे कॅम्पातला राजा होता. लोक बसमध्ये चढताना तारेला हात लावून नमस्कार करायचे. मग एका दुपारी त्याला हजेरी आणि करार बघणाऱ्या टाइम ऑफिसातून बोलावणं आलं. करार संपतोय, पुढे वाढवत नाही.

कारण कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. कॅम्पात तीच एक गोष्ट सगळ्यांना नक्की ठाऊक होती. मोठ्या साहेबांची ती टाळी जो तो आता आपल्या परीनं आठवू लागला. कोणी म्हणे ते हसले तेव्हा डोळे हसत नव्हते. कोणी म्हणे टाळी एकदाच वाजवली.

सबनीस साहेब मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा दार उघडं होतं आणि मी बाहेर टाइप करत होतो. मशीन थांबवलं तर कळेल म्हणून मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा टाइप करत राहिलो. साहेब म्हणाले, ती चिठ्ठी मी लिहिली होती, ठोंबऱ्यांनी नुसती गंमत केली. मोठे साहेब म्हणाले, मिस्टर सबनीस, तो माणूस उठून उभा राहिला होता, मी तिथं होतो. आणि पुढे म्हणाले की त्या संध्याकाळचा आणि याचा काही संबंध नाही. आवाज शांत होता. सबनीस साहेब म्हणाले, सर, मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. त्यावर मोठे साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर साहेब माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "संबंध नाही म्हणतात." संबंध नाही असंच प्रत्येक साहेब म्हणतो, हे त्यांना मी काय सांगणार?

बबनला विमानतळावर सोडायला ते स्वतः गेले. सामान उचलायला मी बरोबर होतो. रस्ताभर बबनच बोलत होता. गावी गेल्यावर लोकांना काय सांगणार ते सांगत होता. सबनीस साहेब गाडीच्या काचेतून बाहेर बघत होते. शेवटी आत जायच्या आधी बबन त्यांच्या पाया पडला, आणि मान वर करून म्हणाला, "साहेब, केसाला धक्का नाही लागला बघा. माणूस तेवढा चालला."

तो चेष्टाच करत होता. मला आजही तसंच वाटतं. पण साहेबांचा चेहरा मी पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंपनीच्या गाडीतून साइटवर जाणं सोडलं. कामगारांच्या बसमध्ये मागच्या सीटवर, त्या तारेच्या दाराशी जाऊन बसू लागले. पांढरा शर्ट, टाय, मांडीवर फाइल. त्यांना वाटलं असेल की आता दाराचं काहीतरी होईल. दाराचं काही झालं नाही. झालं एवढंच की मागच्या सीटवरच्या गप्पा बंद झाल्या. साहेब बसलेत म्हणून लोक पुढे दाटीवाटीनं उभे राहायचे. एकदा त्या ओंगोलच्या रिगरनं त्यांना तोंडाला बांधायला स्वतःचं फडकं दिलं. ते त्यांनी घेतलं, पण बांधलं नाही.

बाकावर बसणं चालू होतं, संत्रंही निघायचं. पण प्रश्न निघत नसे. संत्रं सोलून फोडी वाटून झाल्या की दोघे गप्प बसून राहायचे, आणि मग तो माणूस उठून जायचा. एकदा मी न राहवून म्हटलं की साहेब, कॉलेजात तर हे चालतं म्हणाला होता. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तिथं सगळे आपापल्या आई-बापांच्या घरी परत जातात रे. इथं एकाचं घर दुसऱ्याच्या सहीवर उभं आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं तर कामच ते होतं."

आणि याच सुमारास हेड ऑफिसचं कौतुक आलं. इतके कागद मनापासून भरलेले दुसऱ्या कुठल्याच जागेवरून आले नव्हते म्हणे. पुढच्या वर्षीही असंच करा, आणखी मजेदार करा, बक्षिसं ठेवा, ट्रान्झिस्टर ठेवा. मोठे साहेब खूश होते. त्यांनी सबनीस साहेबांचा हात हातात घेऊन हलवला.

तिसऱ्या वर्षी टेबल मांडलं गेलं. चित्रांचे कागद, पेन्सिली, ट्रान्झिस्टर, संत्र्यांची टोपली, सगळं होतं. सबनीस साहेब टेबलामागे उभे होते. रांग लागली होती, कारण आता लोकांना सवय झाली होती. पुढे आलेल्या प्रत्येकाला ते टोपलीतलं एक संत्रं हातात देत आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलत होते.

"संत्रं घ्या. कागद राहू द्या."

कोणाला आधी कळेना. एकानं विचारलं, साहेब, मग बक्षिसाचा ट्रान्झिस्टर? ते म्हणाले, तो सुट्टीला जाल तेव्हा घरून आणा. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली आणि कागदांची चळत होती तशीच राहिली. शेवटी त्यांनी एक कागद ओढून घेतला. त्यावर बस, नळ, पलंग, जे जे गेल्या दोन वर्षांत बाकावर बसून ऐकलं होतं ते सगळं भरलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, आणि तो एकटा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांना कोणी काढून टाकलं नाही. महिन्याभरानं त्यांनीच राजीनामा दिला, असं कागदोपत्री आहे. तो मीच टाइप केला. दोन ओळींचा होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बसमध्येच. जायच्या आदल्या दिवशीही ते साइटवर गेले होते. मी काही कागद पोचवायला गेलो होतो आणि कंपनीच्या गाडीतून परत येत होतो. वारा सुटला होता, रस्त्यावर वाळूचे पट्टे सरकत होते. पुढे आमची बस चालली होती. वळणावर मागचं दार फाकलं आणि त्या फटीतून ते दिसले. एका हातानं तार धरून ठेवली होती. दार बंद राहावं म्हणून की स्वतःचा तोल राहावा म्हणून, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. मग बस पुढे गेली.

पुढे मीही परत आलो. नाशिकला खोली घेतली, कॉलेजात नाव घातलं. एकदा सिन्नरच्या स्टँडवर बबन भेटला. आता तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. चहाच्या टपरीवर त्यानं मला ओळख करून दिली ती अशी: "हा साक्षीदार. एका ओळीत कुवेत घालवलं आपण, खोटं वाटत असेल तर याला विचारा." टपरीवाल्यानं ती गोष्ट अनेकदा ऐकली असावी. तो आमच्याकडे न बघता हसला. मग बबन आवाज खाली आणून म्हणाला, सबनीस साहेब मागच्या साली घरी आले होते. सोलापूरहून एवढ्या लांब. दुसरीकडे कुठे तुझ्यासाठी व्हिसा मिळतो का बघतोय म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आपलं बरं चाललंय, सोडा आता. "ऐकत नव्हते राव. नुसते बसून राहिले. म्हातारे दिसत होते."

या दिवाळीच्या आधी परब भेटले. परब आमच्या टाइम ऑफिसात होते, सावंतवाडीकडचे, अजून तिथंच आहेत, सुट्टीवर आले होते. त्र्यंबकेश्वराला आले म्हणून माझ्या खोलीवर आले. जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी बबनचं सांगितलं, टपरीवर तो कसा फुशारकी मारतो ते. परब हसले नाहीत. म्हणाले, "त्याचा त्या चिठ्ठीशी काय संबंध रे?"

मी म्हटलं, नाही कसा?

तर ते म्हणाले, फिटरांचं ते काम संपत आलं होतं. कोण जाणार ते फिशपॉन्डच्या बरंच आधी ठरलं होतं. बबनबरोबर यादीत आणखीही होते, ते पुढच्या महिन्यात गेले म्हणून कोणाच्या लक्षात राहिलं नाही. चिठ्ठीचा राग कोणाला आला नव्हता. मोठ्या साहेबांना आठवणसुद्धा राहिली नसेल. तशी आठवण राहिली असती तर ते दार दुरुस्त झालं असतं की.

मी विचारलं की हे तुम्ही सबनीस साहेबांना तेव्हाच का नाही सांगितलं.

परब म्हणाले, "मला कोणी विचारलं? ते सगळ्यांना विचारायचे, कोण कुठल्या कुशीवर झोपतो ते. टाइम ऑफिसात येऊन मला एकदा विचारायचं होतं. आणि आपणहून सांगायला गेलो असतो, तर आतली गोष्ट बाहेर फोडली म्हणून माझं काय झालं असतं, ते तूच सांग."

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांचा पासपोर्टही त्याच तिजोरीत होता. पण मला एकदम हलकं वाटलं होतं. मी म्हटलं, परब, दिवाळीची सुट्टी लागते आहे. मी सोलापूरला जातो आणि हे त्यांना सांगून येतो. पत्ता कसाही शोधून काढीन. त्यांच्या शब्दाला काही झालं नव्हतं, एवढं तरी त्यांना कळू दे.

परबांनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, "तुला ठाऊक नाय? त्यांच्या मिसेसनी ऑफिसला कळवलं होतं, मीच वाचलं. साहेब श्रावणातच गेले."